पॉइंटनाना

"किती झाले?"

"एकशे बेचाळीस."

"मग आठ रुपयांचं अजून काय देता?"

नगरच्या सावेडीतल्या आमच्या किराणा दुकानात हा संवाद आठवड्यातून दोन-तीनदा तरी व्हायचा. आता दुकानदार बोलतही नाही. बिस्किटाचा दहाचा पुडा काउंटरवर सरकवतो, "एकशे बावन्न" म्हणतो आणि मशीन पुढं करतो. नाना पाकिटातून हिरवं कार्ड काढतात, टेकवतात आणि टिंग वाजलं की क्षणभर डोळे मिटतात. देवळात घंटा वाजवल्यावर मिटतात ना, तसे. दीडशे रुपयांना एक पॉइंट. एकशे बेचाळीसवर थांबलं तर पॉइंट बुडाला, आणि पॉइंट बुडाला म्हणजे तेवढं झाड बुडालं. घरात बिस्किटं कुणी खात नाही. नानांना साखरेचा त्रास आहे आणि काकूंना चहाबरोबर चहाच लागतो. त्यामुळं पुडे कॉलनीतल्या कुत्र्यांना आणि पुड्यांची चकचकीत वेष्टणं घंटागाडीला. आमच्या गल्लीतली कुत्री वर्षभरात अंगानं चांगली भरली आहेत.

त्यांचं खरं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण कॉलनीत त्यांना पॉइंटनाना याशिवाय दुसरं नाव उरलेलं नाही. असा एखादा नाना तुमच्याही कॉलनीत असेल. फक्त त्याचं कार्ड पेट्रोलचं असेल किंवा विमानाचं. आमच्या नानांचं पर्यावरणाचं आहे.

नाना पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झाले. उभी हयात मुळा धरणाच्या कालव्यांची पाणीपट्टी लिहिण्यात गेली. पाणी त्यांनी फारसं पाहिलं नाही, पाण्याचे आकडे मात्र पाट भरून पाहिले. त्यामुळं निवृत्तीनंतर जीवाला काहीतरी लिहायला हवं होतं. सकाळी फिरायला जायचे तर किती पावलं झाली ते लिहायचे. दुधाचं लिहायचे. काकूंनी किती वेळा "अहो" म्हटलं तेही एक आठवडा लिहून पाहिलं, पण काकूंनी ती वही चुलीच्या सरपणात घातली.

पर्यावरणाची लागण त्यांना महावितरणमुळं झाली. वीजबिल कागदावर नको, मोबाइलवर द्या असं कळवलं की 'गो-ग्रीन' योजनेत प्रत्येक बिलामागं 10 रुपये सूट मिळायची, वर्षाचे 120. नानांनी कॉलनीत सगळ्यांत आधी नाव नोंदवलं. नंतर दर महिन्याला मोबाइलवरचं बिल घेऊन ते प्रोफेसर कॉलनी चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडं जात आणि त्याची प्रिंट काढून फाइलला लावत. प्रिंटचे 10 रुपये. मी एकदा म्हटलं, "नाना, यात वाचलं काय?"

"झाड वाचलं, मास्तर."

"आणि हा कागद?"

"हा माझा वैयक्तिक कागद आहे."

या उत्तरावर बोलण्यासारखं काही नसतं. पण त्या दिवशीच मी ओळखायला हवं होतं की हा माणूस एक दिवस मोठ्या बँकेच्या हाती लागणार.

आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला बँकेची गोडी असते आणि धास्तीही असते. सहकार आमच्या पाण्यातच आहे. साखर कारखाना सहकारी, दूध सहकारी, पतसंस्था तर चौकाचौकात. पण 4 ऑक्टोबर 2023 ला रिझर्व्ह बँकेनं शंभरी ओलांडलेल्या नगर अर्बन बँकेचा परवाना रद्द केला, तेव्हापासून इथं 'ठेव' हा शब्द लोक जरा आवाज खाली करून उच्चारतात. नानांचं यावरचं तर्कशास्त्र ऐकण्यासारखं होतं. "ठेव ठेवली की आपले पैसे बँकेकडं. झोप आपली जाते. क्रेडिट कार्ड घेतलं की बँकेचे पैसे आपल्याकडं. झोप तिची जाते." मला यात खोट काढता आली नाही. नंतर निघाली, पण ती बँकेनं काढली.

कार्ड आलं तो दिवस मला आठवतो. कुरियरवाला आधी दोनदा परत गेला होता, कारण पाकिटावर एका ओळीत अहमदनगर आणि पुढच्या ओळीत अहिल्यानगर छापलं होतं. 2024 मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं, पण बँकेचा संगणक अजून दोन्ही नावांवर पाय ठेवून उभा होता. शेवटी खोकं आलं. खोकंच म्हणायचं ते. बाहेर पुठ्ठा, आत दुसरा पुठ्ठा, त्यात फेसाळ गादी, गादीवर गुळगुळीत कागदाची पुस्तिका, आणि सगळ्यांच्या पोटात, राजवाड्यात एकट्या पडलेल्या राणीसारखं, ते कार्ड. जुनं प्लास्टिक वितळवून पुन्हा बनवलेलं. नानांनी ते काकूंच्या स्वयंपाकाच्या काट्यावर ठेवलं. पाच ग्रॅम. खोक्याचं वजन चारशे दहा.

"ही पॅकिंगची फसवणूक नाही," नाना म्हणाले, "हा मान आहे."

पुस्तिका आम्ही दोघांनी मिळून वाचली. दीडशे रुपयांना एक पॉइंट. चारशे पॉइंटांना तुमच्या नावानं एक झाड, प्रमाणपत्रासह. झाड नको असेल तर बांबूचा टूथब्रश, तागाची पिशवी, स्टीलची बाटली. वर्षाची फी 999 आणि जीएसटी, पण वर्षात दीड लाख खर्च केले तर माफ. पुढच्या पानावर, हिरव्या पानाच्या चित्राखालीच, पेट्रोलच्या अधिभारात एक टक्का सूट. त्याच्याखाली विमानतळावरच्या लाउंजमध्ये फुकट नाश्ता. निसर्गाच्या कार्डावर पेट्रोल आणि विमान कशाला, असं मी विचारलं. नाना म्हणाले, "निसर्ग बघायला जायचं कसं मग?"

जिल्ह्यात शिर्डीजवळ काकडीला 2017 पासून विमानतळ आहे. नाना शिर्डीला जातात ते एसटीनं, हाफ तिकिटात. ज्येष्ठ नागरिक म्हणून त्यांना निम्मं भाडं, बाई म्हणून काकूंना निम्मं. पन्नास माणसं एका गाडीत बसून जातात यापेक्षा हिरवा प्रवास दुसरा नसेल, पण कंडक्टर पॉइंट देत नाही म्हणून नाना तो हिशेबात धरत नाहीत.

खोक्यात एक जाडसर, खरखरीत कागदाचा तुकडा पण होता. त्यावर लिहिलं होतं, 'मला पेरा.' कागदाच्या लगद्यात बी घातलेलं असतं म्हणे. बी बेसिलचं, म्हणजे विलायती तुळशीचं. नानांनी गच्चीवरच्या फुटक्या कुंडीत तो कागद पुरला, वर पाटी लावली आणि रोज सकाळी स्नानानंतर तांब्याभर पाणी घालायला लागले. काकू म्हणाल्या, "क्रेडिट कार्डाचं झाड येणार बहुतेक. उतरवा मग कार्डं पोतं भरून."

काकूंबद्दल सांगितल्याशिवाय नाना कळणार नाहीत. काकू पाथर्डीकडच्या. लहानपणी अर्ध्या कोसावरून हंडा आणलेल्या बाईला पाण्याबद्दल भाषण द्यावं लागत नाही. त्यांच्या घरात तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पहिलं पाणी जास्वंदीला. तेलाची पिशवी कापून, उलटी करून, धुऊन, वाळवून तिच्यात पापड. जुन्या लुगड्यांची गोधडी, गोधडी विरली की पायपुसणं, पायपुसणं विरलं की ते काय होतं हे मी विचारलं नाही, पण ते घराबाहेर गेलेलं मी कधी पाहिलं नाही. 2018 च्या जूनमध्ये राज्यात प्लास्टिक पिशव्यांची बंदी लागू झाली, दुकानदार पाच हजारांच्या दंडाला घाबरून पिशव्या लपवत होते, तेव्हा काकूंना ती बातमी आठवड्यानं कळली. त्यांच्याकडं कापडी पिशवी होतीच.

नानांनी रजिस्टर आखलं तेव्हा दोन रकाने केले, एक स्वतःचा, एक सौभाग्यवतींचा. महिनाअखेरीला नानांच्या रकान्यात त्र्याहत्तर पॉइंट, काकूंच्या रकान्यात शून्य.

"तू पर्यावरणासाठी काहीच करत नाहीस," नाना गंभीरपणे म्हणाले.

"मी काही विकतच आणलं नाही ना," काकू म्हणाल्या.

"तेच तर. खरेदी नाही तर झाड कुठून येणार?"

मी त्या वेळी चहा पीत होतो आणि तो नाकात गेला. पण नंतर घरी येऊन विचार केला, तर कार्डाच्या हिशेबानं नाना बरोबर होते. कार्डाला न आणलेली वस्तू दिसतच नाही. त्याच्या दृष्टीनं काकू म्हणजे बंद पडलेलं खातं.

उधारी आम्हाला नवी नाही. माझ्या लहानपणी दाळमंडईतल्या शेठजींची लाल वही होती. महिन्याला खातं, पगार झाला की चुकता. क्रेडिट लिमिट शेठजी चेहरा बघून ठरवत आणि ते क्वचितच चुकत. बक्षीस योजनाही होती. पोरगं सामानाला आलं की हातावर गुळाचा खडा, दिवाळीला कॅलेंडर. साखर रद्दीच्या पुडीत, पुडीला सुतळी, सुतळी घरी सोडवून गुंडाळायची आणि पुडीचा कागद जेवताना वाचायचा. त्या पुड्यांवरच्या अर्ध्या बातम्यांचा उरलेला अर्धा भाग मला अजून माहीत नाही. यातल्या कशालाच कुणी पर्यावरणस्नेही म्हटलं नाही. सगळे फक्त चिक्कू होते.

असो. नानांची अडचण अशी की पेन्शनीत दोन माणसांचा खर्च वर्षाला दीड लाखाच्या घरात कार्डावर जाईना. मग त्यांनी इतरांचा खर्च करायला सुरुवात केली. वीजबिलाची तारीख जवळ आली की नाना दारोदार. "बिल मी भरतो, मला रोख द्या." गॅस, विमा, मुलांच्या क्लासची फी, एकाच्या म्हशीची पेंड. कॉलनीला बरं झालं, रांग गेली, हेलपाटा गेला. काही बायका तर त्यांना ओवाळणीसारखे पैसे पाकिटात घालून देऊ लागल्या. मोबाइलवरून स्कॅन करून रुपे कार्डाचे पैसे भाजीवाल्यालाही देता येतात हे कळल्यावर नाना जुडीमागं जुडी घेत सुटले, दीडशेचा आकडा गाठेपर्यंत. शेवटची भरती कोथिंबिरीनं व्हायची. त्या वर्षी आम्ही कॉलनीत सगळ्यांनी इतकी कोथिंबीर वडी खाल्ली की पाहुण्यांना वाटावं, हा इथला खास पदार्थ आहे.

कळस झाला तो बस्त्यात. नानांच्या मेव्हण्याच्या मुलीचं लग्न ठरलं आणि बस्ता बांधायला सगळं गणगोत कापडबाजारात गेलं. नगरच्या कापडबाजारातला बस्ता म्हणजे अर्धा दिवसाचं काम. गादीवर बैठक, आधी चहा, मग सरबत, मग शालू, मग मानपानाच्या साड्या, मग कुणाची तरी सासू रुसते, तिच्यासाठी पुन्हा दुसरं कपाट उघडतं. संध्याकाळी बिल झालं 86 हजार. मेव्हण्यानं पिशवीतून नोटांची गड्डी काढली आणि नाना वीज पडल्यासारखे उभे राहिले. "थांबा! रोख मला द्या. कार्ड माझं."

दुकानदार म्हणाला, "नाना, कार्डाला दोन टक्के जादा पडतील."

दोन टक्के म्हणजे 1,720 रुपये. मेव्हणा ते देईना. नानांनी स्वतःच्या खिशातून दिले. पॉइंट मिळाले 573. एका पॉइंटाची किंमत 25 पैसे, म्हणजे सगळे मिळून 143 रुपये आणि वर चार आणे. घरी येताना रिक्षात नाना एकटेच हसत होते. "मास्तर, या लग्नानं जवळजवळ दीड झाड दिलं."

आता बँकेनं काढलेली ती खोट. कागद वाचवायचा म्हणून नानांनी कार्डाचं बिलही कागदावर नको, ई-मेलवर पाठवा असं कळवलं होतं. ई-मेल पुण्याच्या मुलानं काढून दिलेला. बिलाला कुलूप. ते उघडायला नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मतारीख. नानांची शाळेतली जन्मतारीख 1 जून, कारण त्या काळात मास्तर सगळ्यांनाच 1 जूनला जन्माला घालत. खरी तारीख वेगळी. बँकेला कुठली दिली ते आठवेना. चार दिवस नाना कुलूप उघडत राहिले, पाचव्या दिवशी लग्नाला गेले, आणि मेव्हण्याची रोकड घरात गव्हाच्या कोठीत सुखरूप राहिली. पैसे भरायची तारीख टळली.

क्रेडिट कार्डाचं व्याज कसं लागतं हे फार कमी लोकांना माहीत असतं. पूर्ण पैसे वेळेवर भरले तर फुकट. एकदा चुकलं की मुदत संपल्या दिवसापासून नाही, खरेदी केल्या दिवसापासून व्याज, आणि तेही बहुतेक ठिकाणी महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास. वर्षाचे बेचाळीस टक्के. खासगी सावकाराची मान खाली जाईल असा दर. वर उशिराचा दंड, आणि दोन्हींवर 18 टक्के जीएसटी. नानांचं सगळं मिळून 6,991 रुपये झालं. मला वाटलं, आता कार्डाचे दोन तुकडे होणार. नाना पुढच्या दिवशी कॅल्क्युलेटर घेऊन आले. "बिल चार पानी होतं, मास्तर. म्हणजे पान पडलं साडेसतराशेला." थोडा वेळ थांबून म्हणाले, "महाग आहे, पण कागद आपण वापरला नाही."

तेव्हापासून ते बिलाच्या दोन-दोन प्रिंट काढतात. एक फाइलला, एक हरवली तर म्हणून.

मी त्यांना वळणावर आणायचा प्रयत्न केला नाही असं नाही. अमेरिकेत अ‍ॅस्पिरेशन नावाची कंपनी होती, खरेदीची रक्कम वरच्या पूर्ण आकड्यापर्यंत ओढायची आणि त्या सुट्या पैशांतून झाडं लावू म्हणायची. 2025 च्या मार्चमध्ये तिनं दिवाळखोरी मागितली. नाना शांतपणे म्हणाले, "लावलेली झाडं तर राहिली ना? पतसंस्था बुडाली की काय राहतं? बोर्ड." मग मी स्वीडनची गोष्ट सांगितली. डोकॉनॉमी नावाच्या कंपनीनं 2019 मध्ये मास्टरकार्डबरोबर असं कार्ड जाहीर केलं, की तुमच्या खरेदीतून किती कार्बन निघाला त्याचा हिशेब ठेवायचा आणि मर्यादा ओलांडली की कार्ड पैसे द्यायलाच नकार देणार. नानांना हे पटेना. "कार्ड नाही म्हणतं? खिशात पैसे असून?"

"हो."

त्यांनी स्वयंपाकघराकडं पाहिलं. "मग त्यात नवीन काय आहे? आमच्याकडं ते पहिल्यापासून आहे."

जूनमध्ये नानांनी झाड घेतलं. चारशे पॉइंट वळते केले. वळते करायची फी 99 रुपये, तिच्यावर जीएसटी, एकूण 116 रुपये 82 पैसे. चारशे पॉइंटांची किंमत शंभर रुपये. म्हणजे शंभराची भेट मिळवायला 116 दिले, आणि त्याआधी साठ हजारांची खरेदी. नानांच्या रजिस्टरात ही नोंद 'पर्यावरण खाते, किरकोळ' या सदरात आहे. आठवड्यानं प्रमाणपत्र आलं. झाडाचा नंबर होता, फोटो होता आणि अक्षांश-रेखांश होते. नकाशात घातले तर जागा निघाली पारनेर तालुक्यातली एक टेकडी. इतक्या जवळ! दुसऱ्या राज्यात असतं तर नाना फोटोवर समाधानी राहिले असते. पण पारनेरमध्ये झाड आहे म्हटल्यावर, पोरगी जवळच्या गावात दिल्यासारखं त्यांना घरी बसवेना.

श्रावणातल्या एका रविवारी आम्ही निघालो. नाना, काकू, मी आणि नानांची जुनी गाडी. पेट्रोल चारशेच्या वर टाकलं, कारण त्याखाली अधिभाराची सूट नाही. काकूंनी भाकरी, ठेचा आणि झाडासाठी पाण्याची कॅन घेतली होती. पाऊस रिमझिम होता. वाटेत कवड्या डोंगराच्या बाजूच्या पवनचक्क्या दिसल्या आणि नाना म्हणाले, "बघा, किती स्वच्छ!" गाडीच्या मागं धूर निघत होता. पेट्रोलच्या एका लिटरमधून सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जाऊन-येऊन सहा लिटर धरलं तर चौदा किलो. चांगलं वाढलेलं झाड वर्षाला साधारण वीसेक किलो शोषतं असं धरतात. हा हिशेब मी मनात केला. मोठ्यानं नव्हे, कारण भाकरी काकूंकडं होती.

टेकडीवर खड्डेच खड्डे होते. ओळीत. काहींत रोपं, काहींत गवत, काहींत नुसतं पाणी. नाना मोबाइल हातात धरून, पायांनी भुई शोधत, अक्षांशाप्रमाणे चालत होते. मोबाइल म्हणाला, पोहोचलात. तिथं एक शेळी उभी होती.

शेळ्यांमागं एक बाई होती, डोक्यावर पोत्याची खोळ. नानांनी तिला प्रमाणपत्र दाखवलं. तिनं ते उलटसुलट पाहिलं.

"मोकार लावलीत की हितं. तुमचं कंचं?"

"नंबर आहे यावर."

"झाडाला नंबर न्हाई घातला कुनी, दादा." तिला नानांची दया आली असावी. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि त्यातल्या त्यात बऱ्या दिसणाऱ्या एका रोपाकडं काठी केली. "हे घ्या तुमचं. करंज हाये. शेरडं तोंड लावत न्हाईत ह्याला."

नानांनी फोटो काढला. काकूंनी कॅनमधलं पाणी ओतलं, भर पावसात. मग त्या बाईला अर्धी भाकरी दिली आणि दोघी दगडावर बसून पाथर्डी आणि पारनेरमध्ये कुठं जास्त दुष्काळ, यावर पंधरा मिनिटं हिरिरीनं बोलल्या. पाथर्डी जिंकली असं काकूंचं म्हणणं आहे.

येताना वाट वाकडी करून हिवरे बाजारला थांबलो. 1989 मध्ये पोपटराव पवार तिथं सरपंच झाले तेव्हा ते गाव टँकरचं, दारूचं आणि स्थलांतराचं होतं. पुढं त्या गावानं काय केलं ते महाराष्ट्राला पाठ आहे, पवारांना 2020 ची पद्मश्रीही मिळाली. पण नाना शेजारी राहूनही कधी गेले नव्हते. एका तरुण शेतकऱ्यानं आम्हाला डोंगर दाखवला, चर दाखवले, बांध दाखवले. नाना विचारायला लागले, योजना काय, लोकांना मिळतं काय. तो पोरगा बोटं मोजत सांगत होता. कुऱ्हाडबंदी. चराईबंदी. नशाबंदी. नसबंदी. श्रमदान. शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी. उसाची हाव नाही.

नाना माझ्या कानाशी लागले. "मास्तर, सगळी बंदीच आहे. एकही ऑफर नाही."

मग त्या पोरानं पाण्याच्या ताळेबंदाचा विषय काढला, आणि नानांनी चष्मा पुसला. दरवर्षी पाऊस मोजायचा. जमिनीत किती मुरला, विहिरींना किती आहे, ते पाहायचं. आधी माणसांचं पिण्याचं, मग जनावरांचं, उरलं त्यावर ग्रामसभेत ठरवायचं की यंदा रब्बीला काय पेरायचं. पाऊस कमी, तर पेरा कमी. नानांनी पिशवीतून रजिस्टर काढलं. तीस वर्षं पाटबंधारे खात्यात त्यांनी पाण्याचा हिशेब लिहिला होता, पण जमेच्या बाजूला पाऊस आणि नावे बाजूला गाय असा हिशेब त्यांच्यासमोर पहिल्यांदाच येत होता. जमा. नावे. शिल्लक. त्यांनी त्या पोराकडून तीन-तीनदा विचारून सगळं उतरवून घेतलं. गाडीशी येऊन बराच वेळ बोलले नाहीत.

"हे गाव डेबिट कार्डावर चालतं," शेवटी ते म्हणाले. "खात्यात असेल तेवढंच."

"आणि आपण?"

"आपल्या कॉलनीचा बोअर किती खोल गेलाय?"

"सातशे फूट असेल."

"मग आपण व्याजात आहोत," नाना म्हणाले, आणि खिडकीची काच वर केली.

मला वाटलं, माणूस बदलला. घरी पोहोचेपर्यंत तरी तसंच वाटत होतं. भिस्तबाग चौकात मोबाइल वाजला. कार्डवाल्यांचा निरोप होता. श्रावण महिन्यात स्टीलच्या बाटलीवर दुप्पट पॉइंट. नानांनी काच खाली केली.

"आपल्याकडं चार बाटल्या आहेत," काकू मागून म्हणाल्या.

"त्या पाण्याच्या. ही पर्यावरणाची."

त्यांच्या घरी आता पाच स्टीलच्या बाटल्या, अकरा तागाच्या पिशव्या आणि नऊ बांबूचे टूथब्रश आहेत. टूथब्रश भिवंडीच्या गोदामातून आले, प्रत्येक वेगळ्या खोक्यात, फुगे असलेल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून. फुगे फोडायला कॉलनीतली पोरं येतात. नानांना कवळी आहे.

बेसिलचं सांगायचं राहिलं. आषाढातच कुंडीत काहीतरी उगवलं होतं. बारकी, मांसल, चमच्याच्या आकाराची पानं, लालसर देठ, जमिनीलगत पसरणारं. नाना येईल त्याला गच्चीवर नेऊन दाखवत, "बँकेचं बेसिल." एका पाहुण्यानं हुंगून पाहिलं आणि वास येत नाही म्हणाला. नाना म्हणाले, सेंद्रिय असल्यामुळं. पारनेरहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी काकू वाळवण काढायला गच्चीवर गेल्या. कुंडी काठोकाठ भरली होती. त्यांनी एक पान तोडलं, तोंडात टाकलं आणि वरूनच ओरडल्या, "अहो, घोळ आहे हा!"

"कसला घोळ?" नाना खालून दचकून म्हणाले. त्यांना वाटलं, बिलात.

"घोळ हो, घोळ. भाजीचा!"

रात्री मला जेवायला बोलावणं होतं. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याचा कूट लावलेली घोळाची भाजी, कांदा. नाना दोन वेळा भाजी घेऊन जेवले. हात धुऊन आले आणि रजिस्टर उघडून काकूंच्या रकान्यात, शून्यांच्या लांबलचक रांगेखाली, त्यांनी लिहिलं, 'घोळ, एक जुडी. किंमत रु. 20 अंदाजे. पॉइंट नाही.'

मीठ जरा कमी होतं, बाकी भाजी झकास झाली होती.